मनगटावरचे घड्याळ आणि वैद्याची तीन बोटे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी आमच्या चिकित्सालयात एक सेवानिवृत्त शिक्षक आले. वय ६२. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ ही त्यांची मुख्य तक्रार. नाडीसाठी हात पुढे करताना मनगटावरचे घड्याळ सोडवीत ते म्हणाले, "डॉक्टर, मुलानं पुण्याहून पाठवलंय. या आठवड्यात तीनदा दाखवलं त्यानं, ठोके अनियमित आहेत म्हणून." मी तीन बोटे ठेवली. गती मध्यम, ताल नियमित, थोडी पित्तप्रधान. "गुरुजी, यंत्राला काय कळतंय? ते कपाटात ठेवा, निम्मी धास्ती तिथंच संपेल," असे मी हसून सांगितले. त्यांनीही हसून मान डोलावली. अम्लपित्ताची औषधे व पथ्य लिहून दिले.

सहा आठवड्यांनी एका पहाटे गुरुजींचा उजवा हात तासभर लुळा पडला आणि जीभ जड झाली. घरच्यांनी वेळ न दवडता रुग्णालय गाठले म्हणून पुढचा अनर्थ टळला. तेथे काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित थरथरणे, स्पष्ट दिसले. या विकारात तेथे रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. घड्याळ तीनदा हेच सांगत होते आणि मी त्याला कपाटात ठेवावयास सांगितले होते.

हा प्रसंग लिहिताना संकोच वाटतो. परंतु आपल्या शिबिरांत, परिसंवादांत या उपकरणांचा विषय निघाला की जो हशा पिकतो, त्यात मीही अनेकदा सामील झालो आहे. म्हणून तो सांगणे मला भाग आहे.

माझ्या बोटांनी त्या दिवशी चूक केली नव्हती. नाडी त्या क्षणी खरोखरच नियमित होती. हा विकार आरंभी येऊन-जाऊन असतो. तासभर येतो, दोन दिवस दिसत नाही. मी नाडी पाहिली फार तर दोन मिनिटे. घड्याळ दिवसरात्र मनगटावर होते. त्याच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परावर्तित प्रकाश कमी-अधिक होतो आणि त्यावरून दोन ठोक्यांतील अंतर मोजले जाते. यात गूढ काही नाही. नाडीचे बल, तिचा स्पर्श, तिची जात त्याला कळत नाही. पण ताल कळतो आणि तो कंटाळत नाही.

बृहत्त्रयीत नाडीपरीक्षेचे स्वतंत्र विवेचन नाही, ते ठळकपणे आढळते शार्ङ्गधरसंहितेत, हे आपण सारे जाणतो. त्याच शार्ङ्गधराने थांबून थांबून चालणाऱ्या नाडीला प्राणघातक लक्षणांत गणले आहे. सर्पगती, मंडूकगती, हंसगती आपण विद्यार्थ्यांकडून घोकून घेतो. या इशाऱ्याकडे मात्र वार्षिक परीक्षेनंतर कोणी फिरकत नाही. ज्या लक्षणाला शास्त्राने एवढे गंभीर मानले, त्याची सूचना मुलाने पाठवलेल्या घड्याळाने दिली म्हणून ती हलकी ठरते काय?

अर्थात घड्याळाची सूचना म्हणजे निदान नव्हे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ॲपलच्या घड्याळावर केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४ लाख १९ हजारांहून अधिक लोक सहभागी होते. अनियमित ठोक्यांची सूचना त्यांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना मिळाली. अशांपैकी ज्यांनी काही दिवसांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीस परत पाठवली, त्यांतील ३४ टक्क्यांत हा विकार नोंदला गेला. उरलेल्यांत सूचना खोटी होती की त्या दिवसांत विकार दडून बसला होता, हे या आकड्यावरून ठरत नाही. म्हणून सूचना आली की ईसीजी, आणि तो स्वच्छ आला तर गरजेनुसार चोवीस तासांची नोंद, एवढा मार्ग आपण दाखवलाच पाहिजे. तो आपल्या शास्त्राच्या विरुद्ध नाही.

येथवर मी घड्याळाची बाजू घेतली. आता दुसरी बाजू, कारण तीही माझ्या ओट्यावर रोज येऊन बसते.

एक गृहस्थ. गुडघ्यांचा संधिगत वात, वजन जास्त. रात्री जेवण झाल्यावर साडेअकरापर्यंत दिवाणखान्यात सोफ्याभोवती फेऱ्या घालतात. कारण विचारले तर म्हणाले, "बाराशे पावलं शिल्लक राहिली होती, दहा हजार पुरी व्हायला नकोत का?" हा दहा हजारांचा आकडा आला कोठून? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याचे वारे वाहू लागले आणि १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकावयास काढले. त्याचे नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा घसघशीत होता, लक्षात राहण्याजोगा होता. कोणत्याही प्रयोगातून तो निघालेला नव्हता. २०१९ साली अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण अत्यल्प चालणाऱ्यांहून कमी आढळले आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. आपल्या आजीने जेवणानंतर शतपावली सांगितली होती. सोफ्याभोवतीची सहस्रपावली तिने कधी सांगितली नाही.

आयुर्वेदाने व्यायामाची मर्यादा आकड्यात बांधली नाही, ती अर्धशक्तीत बांधली. कपाळी, काखेत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडू लागली, श्वास तोंडावाटे घ्यावासा वाटू लागला की थांबावे. आणि हे अर्धबलही शीतकाळात व वसंतात, बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्या मनुष्याने वापरावयाचे; इतर ऋतूंत त्याहूनही कमी. घड्याळाला मात्र मार्गशीर्ष आणि वैशाख सारखेच. मे महिन्यात परभणी-नांदेडकडच्या उन्हातही ते तेवढेच उद्दिष्ट दाखवते आणि माणूस ते गाठण्यासाठी धडपडतो. वस्तुतः अर्धशक्ती ज्या त्या देहाने स्वतःच ओळखावयाची असते. ती ओळखण्याची सवयच सुटत चालली आहे, आणि घड्याळाबाबत माझा मुख्य आक्षेप हा आहे. एखादा ठोका त्याच्याकडून चुकीचा मोजला जातो, ही त्यापुढे किरकोळ गोष्ट.

निद्रेच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. हिंजवडीत नोकरी करणारी एक तरुणी निद्रानाशासाठी आली. वास्तविक ती सात तास झोपत असे आणि उठल्यावर ताजीतवानी असे. परंतु घड्याळाने सकाळी शंभरपैकी साठ गुण दिले की तिचा दिवस खट्टू होई, आणि रात्री गुणांच्या चिंतेने झोप येईनाशी होई. या अवस्थेला २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असे नावही दिले आहे. झोपेचे टप्पे नक्की सांगण्यासाठी मेंदूच्या लहरी नोंदवाव्या लागतात; मनगटावरचे यंत्र हालचाल आणि नाडी यांवरून केवळ अंदाज बांधते. मी तिला सांगितले, "ताई, पंधरा दिवस हे घड्याळ रात्री काढून ठेवा आणि सकाळी वहीत एकच ओळ लिहा, उठल्यावर कसं वाटलं." औषध म्हणून रात्री पादाभ्यंग आणि कोमट दूध, एवढेच. तिसऱ्या आठवड्यात ती वही दाखवावयास आली तेव्हा निद्रानाशाचा शब्दही तिने काढला नाही.

म्हणजे गुरुजींना घड्याळ काढावयास सांगणे ही चूक ठरली आणि या मुलीला तेच सांगणे हा उपचार ठरला. वाचकांना यात विसंगती वाटेल. मला वाटत नाही. घड्याळाने गुरुजींना जे सांगितले ते त्यांना स्वतःला जाणवत नव्हते, आणि ते तपासून पाहण्याचे साधन उपलब्ध होते. मुलीला जे सांगितले ते तिला यंत्राहून अधिक चांगले ठाऊक होते. हा भेद करावयाचा कोणी? कंपनी करणार नाही, रुग्ण घाबरलेला असतो. वैद्यानेच तो करावयाचा, आणि त्यासाठी त्याने प्रथम विचारले पाहिजे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरी आपल्या गर्दीच्या ओपीडीत सर्वांत दुबळी झाली आहे, हे आपण खाजगीत मान्य करतोच.

एक कटू गोष्ट येथेच लिहितो. घड्याळाची टिंगल करणारे आपलेच काही बंधू, वात ४३ टक्के, पित्त ३१ टक्के असे रंगीत छापील अहवाल देणारी नाडीयंत्रे भरमसाट किंमत मोजून आणतात आणि दर्शनी काचेत मांडतात. घड्याळाच्या चाचण्या निदान प्रसिद्ध तरी होतात. त्या प्रतिकूल निघाल्या तरी. २०१६ साली प्रकाशित झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, दंडावर असे उपकरण बांधलेल्या तरुणांचे वजन दोन वर्षांत सरासरी साडेतीन किलोने उतरले, आणि उपकरणाविना नेहमीचा कार्यक्रम पाळणाऱ्यांचे ५.९ किलोने. आपल्या रंगीत टक्केवारीची अशी उघड परीक्षा कोणी घेतली आहे काय? न सुचलेला प्रश्न नव्हे हा, टाळलेला आहे.

आणखी एक सावधगिरी. सुई न टोचता रक्तशर्करा दाखवतो असा दावा करणारी घड्याळे बाजारात फिरत आहेत. अशा कोणत्याही घड्याळास आपली मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. असे आकडे पाहून कोणी प्रमेही रुग्ण गोळी वा इन्सुलिन कमी-जास्त करीत असेल तर त्यास तेथल्या तेथे थांबवावे.

गुरुजी आता बरे आहेत. रक्त गोठू न देणारे औषध त्यांना सुरू आहे, त्यामुळे लसूण, गुग्गुळ अशी द्रव्ये योजण्यापूर्वी मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दूरध्वनी करतो. पहिल्या दोन खेपांना ते माझ्यासमोर घड्याळ खिशात ठेवीत असत, मला वाईट वाटू नये म्हणून. तिसऱ्या खेपेस मीच ते मागून घेतले आणि महिन्याभराच्या नोंदी त्यांच्या शेजारी बसून पाहिल्या.

आमच्या केसपेपरवर मल, मूत्र, निद्रा यांच्या खाली मी आता एक ओळ छापून घेतली आहे: रुग्ण कोणते मापनयंत्र वापरतो, ते काय दाखवते आणि रुग्णास स्वतःस काय जाणवते. आठ महिन्यांच्या नोंदी जमल्या आहेत. संख्येने त्या फार थोड्या आहेत. अन्य वैद्यबंधु-भगिनींनी अशा नोंदी ठेवल्या असतील, विशेषतः ज्यांत आपला अंदाज चुकला अशा, तर त्या रुग्णाचे नाव वगळून या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्यात. माझ्या मी संपादकांकडे दिल्या आहेत.