ऐकीव वार्ता आणि शेतकऱ्याचा विश्वास

आपल्या मासिकांत बियाणें, खतें आणि किडी यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरांत धान्याहूनही वेगानें येणारी, आणि पारखल्यावांचून कोठींत पडणारी, अशी एक वस्तु आहे. तिच्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. ती वस्तु म्हणजे वार्ता. कोणती वार्ता खरी मानावी, कोणाच्या सांगण्यावर विसंबावें, आणि सरकारवरचा किंवा पुढाऱ्यावरचा आपला विश्वास-अविश्वास आपल्या निर्णयशक्तीवर कसा परिणाम करितो, हा विषय दिसावयास शहरी वाटला तरी त्याचा हिशेब अखेर आपल्याच खळ्यावर होतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

सन २०२१ नंतरच्या दिवसांतील आमच्या सानगडीचा एक प्रसंग सांगतों. एका ओट्यावर रेशनचा तांदूळ निवडतांना घरच्या बाईस कांहीं दाणे निराळे दिसले. रंगानें किंचित् पिवळसर, घडणीनें जरा गुळगुळीत. ते पाण्यांत टाकतांच तरंगले. तासाभरांत ‘गरिबांस प्लास्टिकचा तांदूळ चारितात’ अशी बातमी गल्लीभर झाली. एका तरुणानें मोबाईलवर चित्रफीत दाखविली. तींत भाताचा गोळा चेंडूप्रमाणें उसळत होता. मग शंकेस जागाच उरली नाहीं. मीही त्या ओट्यावर बसलों होतों, आणि खरें सांगावयाचें तर माझाही विश्वास बसला होता.

तो बसण्याचें कारण असें कीं, आम्ही धान पिकविणारे लोक. पऱ्हे टाकण्यापूर्वीं दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें बुडवितों. तरंगेल तें पोचट म्हणून काढून टाकितों, आणि तळीं बसेल तें स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवितों. तरंगणारा दाणा खोटा, हें ज्ञान आमच्या हाडांत मुरलेलें आहे. पण एका कामाची परीक्षा दुसऱ्या कामास लावली कीं ती फसविते. मिठाचें पाणी बियाणें भरलेलें आहे कीं नाहीं इतकेंच सांगतें. दाणा कशाचा बनला आहे हें तें सांगत नाहीं.

ते दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाच्या पिठांत लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, तें पीठ यंत्रांतून पुन्हां तांदळाच्या आकारांत काढलेले ते दाणे होते. साध्या तांदळाच्या शंभर भागांस असा एक भाग, या प्रमाणांत ते मिसळले जात. यंत्रांतून निघालेला दाणा नैसर्गिक दाण्याइतका घट्ट असतोच असें नाहीं, म्हणून तो कधीं तरंगतो. भाताचा गोळा उसळतो तोही भातांतील चिकट पिष्टामुळें व आंत कोंडलेल्या हवेमुळें. आपल्या बांधींतल्या धानाचा भात घट्ट वळला तर तोही उसळेल. १५ ऑगस्ट २०२१ रोजीं पंतप्रधानांनीं जाहीर केलें होतें कीं २०२४ पर्यंत सरकारी योजनांतील सर्व तांदूळ असा पोषणयुक्त केला जाईल. त्यापूर्वीं प्रयोगादाखल जे जिल्हे निवडले गेले, त्यांत महाराष्ट्रांतून आपल्या शेजारचा गडचिरोली होता. हेतु उघड होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आढळला होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, अडाणी लोकांनीं अफवेवर विश्वास ठेवला, एवढाच याचा अर्थ. परंतु गोष्ट इतकी सोपी नाहीं. लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टनावर त्या काळीं नियमानें एक सूचना छापावी लागे: थॅलेसेमियाच्या रोग्यांनीं तें वैद्याच्या देखरेखीखालीं घ्यावें, आणि सिकलसेलच्या रोग्यांनीं घेऊं नये. पुढें तज्ज्ञांनीं पुराव्यांचा फेरविचार केला, अपाय होतो असें मानण्यास आधार आढळला नाहीं, आणि २०२४ मध्यें ती सूचना काढून टाकण्यांत आली. परंतु जोंपर्यंत ती नियमांत होती, तोंपर्यंत ती रोग्यांच्या घरापर्यंत पोंचणें अवश्य होतें. पूर्व विदर्भांत सिकलसेल पुष्कळ कुटुंबांत आहे. दुकानांत तांदूळ पोत्यांतून काढून मापून मिळतो. पोत्यावरील बारीक अक्षरें कोण वाचणार? माझ्या परिचयाच्या एका घरांत सिकलसेलचा मुलगा आहे. त्या घरानें ते दाणे निवडून फेंकले, परंतु प्लास्टिक म्हणून. शेजारच्या घरांतील अशक्त, रक्त कमी असलेल्या सुनेनेंही तेच दाणे फेंकले, तेंही प्लास्टिक म्हणूनच. एकास जो प्रश्न डॉक्टरास विचारावयास हवा होता तो त्यानें विचारला नाहीं. दुसरीस ज्याचा उपयोग झाला असता तें तिनें टाकून दिलें. जो प्रश्न खरा होता तो गांवांत कोणीं काढलाच नाहीं, आणि जो प्रश्न नव्हताच त्यावर गांवानें चार दिवस वाद घातला. अफवेची खरी हानि मला येथें दिसते. ती खोटें शिकविते, आणि त्याशिवाय खऱ्या शंकेची जागाही अडवून बसते.

आतां लोकांनीं सरकारी खुलाशापेक्षां चित्रफितीवर अधिक विश्वास कां ठेवला, हें पाहूं. अविश्वास आकाशांतून पडत नाहीं. तो आठवणींतून उगवतो. आपल्या जिल्ह्यांतील वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं झाली. तेव्हां खर्चाचा अंदाज सुमारें ३७२ कोटी रुपयांचा होता, आणि अडीच लक्ष हेक्टरांस पाणी मिळेल असें सांगण्यांत आलें होतें. पुढें तो खर्च कित्येक हजार कोटींवर गेला, आणि पायाभरणीस तीस वर्षें उलटलीं तेव्हांही काम अपुरेंच होतें. ज्यानें तरुणपणीं पायाभरणीचीं भाषणें ऐकिलीं आणि म्हातारपणीं कालव्याची वाट पाहिली, त्याला ‘सरकारी सांगणें खोटें’ हें कोणीं वेगळें शिकवावें लागत नाहीं. त्याचा अविश्वास अडाणीपणाचा नाहीं, अनुभवाचा आहे. त्याला नुसतें ‘अफवांवर विश्वास ठेवूं नका’ असें फर्माविणें म्हणजे कर्ज बुडविलेल्या माणसानें सावकारास ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणण्यासारखें आहे.

परंतु येथेंच एक मोठी चूक होते, आणि ती आपली होते. अविश्वास आणि पारख या दोन वस्तु एक नाहींत. सरकारचें कांहींही खरें मानावयाचें नाहीं असें ज्यानें ठरविलें, तो आपणांस सावध समजतो. वस्तुतः त्यानें पारख करणें सोडून दिलेलें असतें. कारण मन रिकामें राहत नाहीं; एका तोंडावरचा विश्वास उडाला कीं तो दुसऱ्या तोंडावर बसतो. आमच्या ओट्यावरच्या मंडळींनीं अन्नखात्याचा खुलासा पुरावा मागून नाकारला, आणि त्याच क्षणीं कोठल्या गांवाची, कोणीं काढलेली, हें कोणासही ठाऊक नसलेली चित्रफीत पुरावा न मागतां मान्य केली. सर्वांवर विश्वास ठेवणारा जितका भोळा, तितकाच कोणावरही न ठेवणारा भोळा असतो.

भीति आणि अफवा यांचें नातेंही समजून घेतलें पाहिजे. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनीं गोळा केल्या व त्यांवर १९३५ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. ज्या भागांत धक्का बसला होता पण नासधूस झालेली नव्हती, तेथेंही याहून भयंकर संकट येणार अशा अफवा जोरांत होत्या. पुढें अमेरिकेंतील लिऑन फेस्टिंजर या पंडितानें १९५७ मध्यें त्यावरून असा निष्कर्ष काढिला कीं, त्या अफवांनीं लोकांस भय घातलें असें नसून, लोक आधींच भ्यालेले होते व त्या भयास साजेसें कारण अफवेनें पुरविलें. प्लास्टिकच्या तांदळाचेंही तसेंच झालें. ‘आपल्या पोटाची कोणास पर्वा नाहीं’ हें दुःख आधींच मनांत होतें. तरंगत्या दाण्यानें त्यास रूप दिलें.

वारंवार ऐकिलेली गोष्ट खरी वाटूं लागते, हेंही संशोधकांनीं १९७७ पासून प्रयोगांनीं दाखविलें आहे. विधान तेंच, फक्त पुन्हां ऐकिलेलें, एवढ्यानेंच त्याची सत्यता मनांत वाढते. सकाळीं व्हॉट्सअ‍ॅपवर, दुपारीं पानठेल्यावर, संध्याकाळीं पारावर तीच बातमी भेटली कीं आपण म्हणतों, तीन ठिकाणांहून कळली. वास्तविक ती एकाच ठिकाणाहून निघून तीन वाटांनीं आपल्याकडे आलेली असते. त्यांत आपल्या पक्षाच्या माणसानें सांगितली तर ती खरी, दुसऱ्या पक्षाच्या माणसानें सांगितली तर खोटी, हें वजन निराळेंच. बैल घेतांना आपण विकणाऱ्याची जात-पक्ष न पाहतां बैलाचे दांत पाहतों. मग वार्तेचे दांत कां पाहूं नयेत?

या बेपर्वाईची किंमत शेतकरीच देतो. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कोंबडीच्या मांसानें करोना होतो अशी अफवा पसरली. तिला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता. तरी भाव उत्पादनखर्चाच्या पुष्कळ खालीं घसरले, आणि कांहीं ठिकाणीं कुक्कुटपालकांनीं पक्षी फुकट वाटून टाकिले. ती अफवा पुढें धाडणाऱ्यांत इतर शेतकरीही होतेच. उद्यां ‘यंदां खरेदी केंद्र उघडणार नाहीं’ अशी आवई उठली आणि आपण घाईनें धान मातीमोल विकलें, तर ती आवई कोणाच्या लाभाची, हें विकण्याआधीं विचारावयास नको काय?

यावर उपाय म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणें तीन गोष्टी सुचवितों. पहिली, विश्वास घाऊक देऊं नये व घाऊक काढूंही नये. गांवांत एखाद्यास आपण बैलजोडी उसनी देतों पण रोकड देत नाहीं. तसाच हिशेब कचेऱ्यांचा व पुढाऱ्यांचा ठेवावा. कालव्याच्या मुदतीविषयीं ज्याचा शब्द खोटा ठरला, त्याचा मुदतीचा शब्द मानूं नये. पण तेवढ्यावरून दाण्याच्या प्रयोगशाळेंतील परीक्षाही खोटी ठरत नाहीं. दुसरी, बातमी पुढें धाडण्यापूर्वीं ‘हें खरें आहे काय, व मला कशावरून ठाऊक?’ एवढें स्वतःस विचारावें. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसलें कीं, खरेपणाकडे लोकांचें नुसतें लक्ष वेधलें तरी खोट्या बातम्या पसरविण्याचें प्रमाण कांहींसें कमी होतें. मनुष्य बहुधा दुष्टपणानें खोटें पसरवीत नाहीं, विचारावयाचें विसरतो. तिसरी, शंका आली तर ती ओट्यावर न ठेवितां लेखी करावी. चार शेतकऱ्यांनीं मिळून नमुना बांधून अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस द्यावा, आणि उत्तर आलें म्हणजे तें, आपल्या समजुतीविरुद्ध असलें तरी, ग्रामसभेंत वाचून दाखवावें.

अधिकाऱ्यांसही एक विनंति आहे. नवी वस्तु लोकांच्या ताटांत घालण्यापूर्वीं ती लोकांस दाखवावी. तो दाणा तळहातावर घेऊन, तो कशाचा, कां घातला, आणि कोणीं वैद्यास विचारून खावा, हें दुकानाच्या दारांत मराठींत सांगितलें असतें, तर चित्रफितीस ऐकणारा मिळाला नसता. विश्वास मागून मिळत नाहीं; दोषासकट सर्व हकीकत आधीं सांगणाऱ्यास तो मिळतो.

आपण दर पावसाळ्याच्या तोंडीं बियाणें मिठाच्या पाण्यांत घालतों, कारण एक पोचट मूठ पेरली तर हंगाम गेला हें आपण जाणतों. वार्तेसही तीच रीत लावावी. मात्र परीक्षा कोणती कशास लागते, हें आधीं शिकून घ्यावें. नाहीं तर आमच्या ओट्यावर झालें तसें, चांगला दाणा फेंकून आपण स्वतःस शहाणे समजत बसूं.

— एक धान-उत्पादक, सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा)