अंबागडचा शिपाई गुलाबी नव्हता

१/ तुमसर तालुक्यातील अंबागड इ.स. १७०० च्या सुमारास उभा राहिला. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याच्या राजा खान पठाण या सरदाराने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. त्या तटावर पहारा देणाऱ्या शिपायाचा वीतभर अर्धपुतळा आज कुणी रेझिनमध्ये घडवला, तर त्याचा चेहरा कसा रंगवला जाईल? समाजमाध्यमांवर मिरवणारे मराठी योद्ध्यांचे पुतळे पाहता उत्तर जवळपास ठरलेले आहे : गोरे कपाळ, गुलाबी गाल, घारे डोळे.

२/ ‘ही हौस आहे, तिला इतिहासाचा दंडक कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही. हेच हौशी कलावंत तलवारीची मूठ, अंगरख्याचे बंद, पगडीचा पेच यांसाठी महिनोन्‌महिने संदर्भ धुंडाळतात आणि एक बंद चुकला तरी हमरीतुमरीवर येतात. ही साधनशुचिता नेमकी चेहऱ्यापाशीच का संपते?

३/ दोष काही अंशी बाटलीवरच्या नावाचा आहे. ‘फ्लेश’ म्हणजे मांसवर्ण, आणि तो फिकट गुलाबी, हे गृहीतक युरोपातले. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ मध्येच बदलून ‘पीच’ केले. आपल्याकडील रंगकर्मी मात्र अजून तीच व्याख्या प्रमाण मानतात.

४/ खरा दोष अधिक खोल आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जातीं’चा सिद्धांत रुजवला. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. उत्तरेकडचा, उंच, उजळ तो शूर; दक्षिणेकडचा सावळा तो दुय्यम! कोरेगावच्या लढाईत (१ जानेवारी १८१८) इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या महारांची सैन्यभरती याच विचाराने १८९२ च्या सुमारास बंद झाली. शौर्याला गोरा रंग देणारा कुंचला नकळत रॉबर्ट्सचीच री ओढतो, आणि तेही स्वराज्याच्या नावाने.

५/ ‘त्या काळी छायाचित्रे कुठे होती?’ नव्हती, पण चित्रे होती. जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगवली. त्यांत सर्वांचा वर्ण एकसारखा नाही. ही तर राजवाड्यातली, सावलीतली माणसे. १७४० च्या दशकात नागपूरहून बंगालपर्यंत घोडी दामटणाऱ्या भोसल्यांच्या बारगिरांचे चेहरे उन्हाने काय झाले असतील, याला वेगळा पुरावा लागू नये.

६/ आता प्रत्यक्ष काम. सावळा वर्ण म्हणजे गुलाबीत काळा मिसळणे नव्हे. त्याने चेहरा मेलेला दिसतो. पाया तांबूस तपकिरी हवा. खोलगट जागी त्यातच किंचित जांभळा वा गडद निळा मिसळावा. उंचवट्यांवर पांढरा टाळावा, त्याने राख फासल्यासारखे होते. तेथे पिवळी माती चालते. नाकाचा शेंडा, कान व खालचा ओठ यांत लाली अधिक. दाढी केलेल्या हनुवटीवर करडा-निळसर पातळ हात. हे सारे पातळ थरांनी, प्रत्येक थर वाळल्यावरच.

७/ डोळ्यांची आखणी हे सर्वांत अवघड काम, हे पेणच्या गणपती कारखान्यांत कुणालाही विचारावे. बुबुळाभोवतीचा भाग शुभ्र पांढरा ठेवला की शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. तो मळकट, किंचित पिवळसर हवा आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडायला हवी. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली दडलेला असावा. एवढ्या लहान आकारात गडद तपकिरी डोळा जवळजवळ काळाच दिसतो. जिवंतपणा येतो तो प्रकाशाच्या ठिपक्याने, आणि तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पडला पाहिजे. घारे डोळे महाराष्ट्रात नाहीत असे नव्हे, पण प्रत्येक मावळ्याला ते वाटून देण्याचे कारण काय?

८/ याचा अर्थ सगळ्यांना एकाच तपकिरी डब्यात बुडवावे असा मुळीच नाही. तीही तितकीच आळशी चूक. भोसल्यांच्या फौजेत अरब होते. अंबागडाशी गोंड, पठाण आणि मराठे या तिघांचाही संबंध आला. पुतळा कुणाचा, हे आधी ठरवावे आणि मगच बाटली उघडावी. शिपाई पागोटे काढलेला दाखवायचा असेल, तर कपाळाचा वरचा पट्टा बाकीच्या चेहऱ्यापेक्षा एक छटा उजळ ठेवावा. तिथे ऊन पोचलेले नसते.