फासळ्यांचे भाले

जीवशास्त्र म्हणजे पाठांतर आणि मोजमाप फक्त पदार्थविज्ञानात, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटते. मला ते साफ नामंजूर आहे.

स्पेन, पोर्तुगाल व मोरोक्कोतील तळ्यांत प्ल्यूरोडेलिस वाल्ट्ल नावाचा न्यूट राहतो. दिसायला पालीसारखा, पण बेडकाप्रमाणे उभयचर. शत्रूने पकडले की हा गडी आपल्याच फासळ्यांची टोके कातडी फोडून बाहेर काढतो! कातडीवर विषारी, दुधट स्राव पाझरलेला असतो. टोकांबरोबर तो शत्रूच्या तोंडात टोचला जातो.

लायडिग या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७९ मध्येच हे नोंदविले होते. पण फासळ्या बाहेर येतात कशा? त्याचा नीट उलगडा २००९ साली झाला, व्हिएन्नातील संशोधकांनी क्ष-किरण चित्रांवर कोन मोजले तेव्हा. मध्ये तब्बल १३० वर्षे गेली! फासळी मणक्याशी सांध्याने जोडलेली असते. ती तरफेसारखी ५० अंशांपर्यंत पुढे फिरते, कण्याशी जवळजवळ काटकोन करते आणि टोक कातडीतून आरपार जाते. कातडीला आयती छिद्रे नाहीत; दर वेळी नवी जखम, आणि ती भरूनही येते.

म्हणजे शेवटी टेकू, तरफ आणि कोनच ना? मग जीवशास्त्राच्या वहीत आकृती काढताना कंपासपेटीतला कोनमापक बाहेर का निघत नाही?