आधी सिम्युलेटर, मग रुग्ण



कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, शिकणाऱ्या डॉक्टरने स्कोप (दुर्बिणीची नळी) पहिल्यांदा चालवावा तो सिम्युलेटरवर, आणि ही तालीम सक्तीची असावी, असं माझं म्हणणं आहे. हे काम नुसतं बघून येत नाही. डाव्या अंगठ्याने चाक फिरवून टोक वळवायचं, उजव्या हाताने नळी सारता सारता पिळायची, आणि नजर पडद्यावर. नवखा हात नळी रेटत राहतो. डावीकडच्या नागमोडी आतड्यात तिचं वेटोळं होतं, टोक जागचं हलत नाही आणि आतडं ताणलं जातं. भुलीने कळ झाकली जाते. ताण तसाच राहतो.

ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९,२२३ तपासण्यांचा हिशेब होता. काटेकोर निकष लावले, तर स्कोप मोठ्या आतड्याच्या टोकापर्यंत पोहोचला होता जेमतेम ५७ टक्के वेळा. पहिल्या शंभर तपासण्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते फक्त १७ टक्के. पुढे प्रशिक्षण शिस्तीत आणलं गेलं आणि २०११च्या पाहणीत टोकापर्यंत पोहोचण्याचं प्रमाण ९२ टक्क्यांवर गेलं. सगळं श्रेय प्रशिक्षणाला देता येणार नाही, दोन्ही पाहण्यांचे निकषही तंतोतंत सारखे नव्हते. पण एवढा फरक नुसत्या चांगल्या यंत्रांनी पडत नाही.

‘हात रुग्णावरच बसतो’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. मेयो क्लिनिकच्या अभ्यासात किमान सफाई यायला सुमारे २७५ तपासण्या लागल्या, आणि सिम्युलेटर रुग्णावरच्या शिक्षणाची जागा घेऊ शकतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, हे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही दिसतं. मात्र काहीच तालीम नसलेल्यांपेक्षा सिम्युलेटरवर शिकलेले सरस ठरतात, हेही त्यातच आहे. मला हवी आहे ती एवढीच आघाडी. खर्चाचं म्हणाल, तर संगणकी सिम्युलेटर महाग आहे खरा, पण स्कोपही लाखांतच येतो. चाक आणि पीळ समजायला साधं रबरी मॉडेलही चालतं. महागडं यंत्र शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून घ्यावं.

उरतो तो युक्तिवाद मला सर्वांत खटकतो: सरकारी रुग्णालयात रुग्ण भरपूर, मग शिकायला अडचण कसली? डॉक्टर निवडण्याची ऐपत नसलेल्यांनीच नवशिक्यांचा पहिला धक्का सोसावा, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून सिम्युलेटरवरचे तास विद्यार्थ्याच्या लॉगबुकात नोंदवले जावेत आणि त्यावर शिक्षकाची सही झाल्याशिवाय त्याला रुग्णाजवळ उभं करू नये. स्कोप कोणाच्या हाती असेल, हेही संमतीपत्रावर मराठीत स्पष्ट लिहिलेलं असावं.

– एक वाचक