विरोधी बाकावरून झालेला कायदा

स्कॉटिश संसदेत १२९ सदस्य, त्यांपैकी ५६ प्रादेशिक यादीतून निवडलेले. मध्य स्कॉटलंडच्या यादीतल्या, मजूर पक्षाच्या मोनिका लेनन यांनी सॅनिटरी पॅड आणि टॅम्पॉन गरज असेल त्या प्रत्येकीला मोफत मिळावेत, हा विषय लावून धरला. मासिक पाळीवर भर सभागृहात मोकळेपणाने बोलणं, हेच मोठं काम. २०१९मध्ये त्यांनी अशासकीय विधेयक आणलं. खर्च परवडणार नाही, सीमेपलीकडची माणसं येऊन साठा उचलून नेतील, अशा शंका सरकारकडून निघाल्या. बाई हटल्या नाहीत. २४ नोव्हेंबर २०२० रोजी विधेयक १२१ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं! अशी चिकाटी आपल्या विधिमंडळातही दिसावी, असं मनापासून वाटतं. ऑगस्ट २०२२पासून स्कॉटलंडमधल्या स्थानिक प्रशासनांवर आणि शाळांवर ही साधनं मोफत पुरवण्याचं कायदेशीर बंधन आहे.