मोबाईल नंबर म्हणजे माणूस नव्हे!

कुठल्याही नव्या प्रोजेक्टचं डिझाईन उघडा, युजर टेबलच्या पहिल्याच ओळीत हमखास सापडतं : मोबाईल नंबर, प्रायमरी की. विचारलं तर उत्तर तयार, "अरे, प्रत्येकाचा नंबर वेगळाच असतो ना!"

नसतो राव. आई, बाबा, आजी आणि शाळेतली पोरं मिळून एकच नंबर देणारी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत. कोविनचंच बघा. २०२१ मध्ये एका मोबाईलवर चार जणांची नोंदणी करता यायची, जानेवारी २०२२ मध्ये ती मर्यादा सहा झाली. प्रत्येकाला वेगळा रेफरन्स आयडी, नंबर फक्त ओटीपीपुरता. तिथे नंबरच प्रायमरी की असता तर घरात एकाची नोंदणी झाली असती आणि बाकीच्यांना 'डुप्लिकेट एन्ट्री' :-)

हसू नका. एका पॅथॉलॉजी लॅबच्या साईटवर मी पाहिलंय, शुगर २८०, वय २६. रिपोर्ट वडिलांचा, नाव मुलाचं. मुलाने त्याच नंबरवरून टेस्ट बुक केली आणि सिस्टीमने आधीच्या नावावर नवीन नाव चढवलं. डॉक्टरने त्यावरून गोळ्या लिहून दिल्या असत्या तर?

दुसरं दुखणं याहून वाईट. बंद झालेला नंबर टेलिकॉम कंपन्या किमान ९० दिवस थांबून दुसऱ्याला देतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टापुढेही हे आलं होतं. म्हणजे नवा मालक तुमचं ॲप टाकणार, ओटीपी त्यालाच येणार, आणि आधीच्या माणसाचा पत्ता, बिलं, रिपोर्ट सगळं समोर. कोडमध्ये बग शोधत बसाल, सापडणार नाही.

मग करायचं काय? तीन टेबलं. 'व्यक्ती'ला स्वतःचा आयडी, ज्याला काहीही अर्थ नाही आणि जो कधी बदलत नाही. 'मोबाईल' वेगळं. आणि दोघांना जोडणारं तिसरं : कोण, कुठला नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. रिपोर्ट आणि बिलं लटकणार ती व्यक्तीच्या आयडीला. नंबर बदलला की जुन्या ओळीत शेवटची तारीख टाका, नवी ओळ घाला, बस्स. ओटीपीनंतर "तुम्ही यापैकी कोण?" विचारा, आणि खातं वर्षभर झोपलेलं असेल तर जन्मतारीखही विचारा. निव्वळ टेबलांनी चोरी थांबत नाही हे मान्य, पण निदान जुना माणूस त्या नंबरपासून सोडवायला जागा तरी मिळते.

(आणि कृपा करून नंबर इंटीजर कॉलममध्ये ठेवू नका. साध्या इंटची मजल २१४ कोटींच्या आसपास संपते, आपले नंबर ६०० कोटींच्या पुढेच. जुनं मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोड नसेल तर एरर न देता सगळ्यांना २१४७४८३६४७ हाच नंबर द्यायचं!)

"पण जॉईन लागेल, स्लो होईल.." हे शेवटचं हत्यार. दोन आयडींवरचा जॉईन आहे तो, इंडेक्स टाका. खरा वेळ जाईल तो ग्राहकाने नंबर बदलल्यावर चौदा टेबलांतल्या फॉरेन की अपडेट करताना, आणि तो फोन नेमका शनिवारी रात्री येतो.