विठोबाची वीट कोणीं कापली?

गेल्या आषाढी एकादशीस मुळशी तालुक्यांतील पौड येथें एका आप्तांच्या घरीं जाण्याचा योग आला. फराळ आटोपल्यावर ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा बोलपट लावण्यांत आला. भिंतीवर नवा कोरा रुंद टीव्ही, खालीं सतरंजीवर तीन पिढ्या. चित्र सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोंच आमच्या मांडीशीं बसलेल्या मुलीनें विचारलें, “आजोबा, तुकाराम महाराज एवढे जाड होते का हो?” सगळे हंसले. आम्हांस मात्र हंसूं येईना. कारण पोरीची शंका अगदीं रास्त होती. विष्णुपंत पागनीसांची ती साधी, सौम्य मूर्ति आडवी ताणून कोणीं तरी तिचा गरगरीत सावकार करून ठेवला होता. घरांत याच बोलपटाची दुसरी एक तबकडी होती. तिच्यावर ‘संपूर्ण पडदा’ अशी फुशारकी छापलेली. ती लावली. तींत महाराज जाड नव्हते, परंतु कोठें कपाळावरचा भाग गायब, तर कोठें पाय नाहींत!

हा प्रकार काय आहे तें नीट समजून घेतलें पाहिजे. प्रभातनें हा बोलपट १९३६ सालीं काढला, व पुढल्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्या काळच्या बोलपटाची चौकट अकरा भाग रुंद तर आठ भाग उंच, अशा प्रमाणाची असे. आजचा टीव्ही सोळा भाग रुंद व नऊ भाग उंच. आंतलें चित्र जसेंच्या तसें दाखवावयाचें, तर डाव्या-उजव्या बाजूंस काळ्या पट्ट्या राहणारच. ज्यांस त्या पट्ट्या खपत नाहींत, त्यांस दोनच वाटा उरतात. चित्र ताणलें तर माणूस २९ टक्के रुंद होतो. कापलें तर चित्राची सुमारें २३ टक्के उंची केराच्या टोपलींत जाते. विटेवर उभा असलेला विठोबा पुरता चौकटींत घेतला असेल, तर वरून कापल्यास मुकुट जातो, खालून कापल्यास वीट जाते, आणि दोहींकडून बेतानें कापल्यास थोडथोडें दोन्ही जातें. भक्तासाठीं जी वीट देवानें युगानुयुगें सोडली नाहीं, ती एका कारकुनाच्या बोटासरशीं सुटली!

विक्रेत्यांचें म्हणणें असें कीं, “लोकांना भरलेला पडदा हवा असतो.” लोकांना काय हवें हें त्यांस विचारलें कोणीं? भिंतीवरची चौकट रुंद आहे म्हणून राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचें कमळ कापून ती चौकटींत बसविणारा गृहस्थ आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. आणि येथें तर प्रकरण चित्रकारांचेंच आहे. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघेही कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झाले. त्या बाबूरावांची हयात नाटकांचे पडदे रंगविण्यापासून सुरू झालेली. अशा परंपरेंतल्या माणसांना चित्राची कड कोठें संपते हें समजत नव्हतें, असें का कोणास म्हणावयाचें आहे? शेवटीं महाराजांना नेणारें विमान वर चढतें, तेव्हां वरचें आकाश हीच त्या प्रसंगाची खरी जागा. तें आकाश छाटल्यावर विमानानें जावें कोठें?

शांतारामबापूंचा ‘शेजारी’ (१९४१) घ्या. केशवराव दाते यांचा जिवबा आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा, या दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीचा अंत धरणावर होतो. धरण म्हणजे काय, हें मुळशीकरांना सांगण्याची गरज नाहीं. १९२१ चा सत्याग्रह ज्यांच्या आजा-पणजानें केला त्यांना तिची भिंत पुरती ठाऊक आहे. तिची उंचीच चित्रांतून काढून घेतली, तर त्या दोन जीवांवर काय कोसळलें तें पाहणाऱ्याला उमजावें कसें?

चित्राच्या स्पष्टपणाविषयीं आम्ही थोडे नरम आहों. जुन्या व्हीसीडीच्या चित्रांत ३५२ गुणिलें २८८ एवढेच ठिपके. पुढें आलेल्या डीव्हीडींत ७२० गुणिलें ५७६, म्हणजे सुमारें चौपट. व्हीसीडी धूसर होती, पण स्वस्त होती, आणि गरिबी हा गुन्हा नव्हे. गुन्हा तो, कीं फितीवरील चांदीच्या कणांची जी बारीक रवाळ झांक असते, ती घाण समजून यंत्रानें पुसून टाकावयाची आणि जिजाईच्या रापलेल्या चेहऱ्याला मेणाचा मुखवटा चढवावयाचा. धूळ कोणती आणि कांती कोणती, एवढा विवेक ज्याला नाहीं त्यानें या कामांत हात घालूंच नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टीव्ही जेव्हां चौरसासारखे होते, तेव्हां ‘कागज के फूल’सारख्या (१९५९) सिनेमास्कोप चित्रपटांची जवळजवळ दोनपंचमांश रुंदी याच सबबीवर कापली जाई. तेव्हां वर-खालच्या पट्टीचा विटाळ, आतां डाव्या-उजव्या पट्टीचा! अशानें कोणताच चित्रपट अंगभर दिसावयाचा नाहीं.

प्रश्न किरकोळ नाहीं. २००३ सालीं पुण्यांतील नायट्रेट फितींचें कोठार जळालें, त्यांत किती जुनीं चित्रें कायमचीं गेलीं. चित्रपटगृहांत प्रभातचे बोलपट आतां क्वचितच लागतात. नव्या पिढीला जी प्रत घरीं मिळेल, तोच तिचा ‘संत तुकाराम’. म्हणून मूळ चौकटीचें प्रमाण, संपूर्ण लांबी, आणि चित्र कोणत्या प्रतीवरून उतरविलें, हें वेष्टणावर छापणें विक्रेत्यांना बंधनकारक असावें, अशी आमची मागणी आहे. औषधाच्या बाटलीवर आंत काय आहे तें लिहितात. एवढें तरी येथें लिहावें.

परंतु सारा दोष त्यांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. पहिल्या तबकडींत चित्र मुळांत नीट होतें, तें ताणीत होता घरचाच टीव्ही! रिमोटची एक कळ दाबतांच महाराज पूर्ववत् झाले, आणि यजमान लागलीच म्हणाले, “अहो, पण पडदा अर्धामुर्धा रिकामा दिसतो; आम्ही पैसे पुऱ्या पडद्याचे मोजले आहेत.” त्यांच्याशीं आम्हीं वाद घातला नाहीं. निघतांना ती कळ कोठें आहे तें मात्र त्या मुलीला दाखवून आलों.